खिशातल्या सहा टोप्या

पाच. पुन्हा मोजल्या, तरी पाचच. बस सिग्नलला उभी होती, मला खिडकीची जागा मिळाली होती, मांडीवर जेवणाचा डबा होता आणि दुपारी अकरा माणसांनी माझ्यासाठी वाजवलेल्या टाळ्या अजून कानात होत्या. इतकं सगळं छान चाललेलं असताना कुणी कशाला खिसा चाचपेल? पण माझा हात जातोच. शर्टाच्या खिशावर, कापडाच्या वरूनच, अंगठ्याने एकेक टोपी बाजूला सारत मोजायची, ही एकोणतीस वर्षांची सवय. चार बारीक, दोन रुंद. आज चार बारीक लागल्या आणि रुंद एकच. मी चष्मा कपाळावर सारला, खिशाचं बटण काढलं आणि सगळ्या टोप्या तळहातावर ओतल्या. पाच. शेजारी एक तरुण मांडीवर काचेची बरणी घेऊन बसला होता, बरणीत दोन मासे होते. "काय पडलं का काका?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "टोपी." त्याने माझ्या टकलाकडे पाहिलं, मग सीटखाली वाकून पाहिलं. बरणीतलं पाणी हिंदकळलं. "नाही दिसत हो. कसली होती?" "काळी, रबराची. एवढीशी," म्हणत मी करंगळीचं नख दाखवलं. त्यानंतर तो खिडकीबाहेर बघत बसला. खिडकी माझ्या बाजूला होती, तरीही.

आता ही टोपी काय भानगड आहे ते बसमध्ये कुणाला सांगणार! आमच्या हॉस्पिटलच्या दोन इमारती आहेत, जुनी आणि नवी. लहान मुलांचे वॉर्ड आणि ऑपरेशनच्या खोल्या नव्या इमारतीत. तपासण्या आणि फोटो काढायची यंत्रं जुन्या इमारतीत. एका इमारतीत काढलेला फोटो दुसऱ्या इमारतीतल्या डॉक्टरला पुढच्या क्षणी दिसतो, तो कसा दिसतो याचा विचार कुणी करत नाही, आणि करूही नये. तो काचेच्या तारेतून जातो. केसाएवढी काच. तिच्या दोन्ही टोकांना, यंत्राच्या खोबणीत, बोटाएवढं एक मॉड्यूल बसवलेलं असतं; यंत्राचं बोलणं उजेडात बदलायचं आणि आलेल्या उजेडाचं पुन्हा बोलणं करायचं, एवढंच त्याचं काम. अशी शेकडो मॉड्यूलं माझ्या हाताखालून गेली आहेत. ती बिघडतात, म्हातारी होतात, बदलावी लागतात. यंत्र बंद न करता बदलता येतात, हीच त्यांची मजा आहे आणि हाच त्यांचा धोका. केबल काढली की काचेचं टोक उघडं पडतं, मॉड्यूलचं तोंड उघडं पडतं. केसाएवढ्या काचेवर धुळीचा एक कण बसला तरी काम बिघडतं. म्हणून उघडं पडलं की लगेच टोपी. केबलच्या टोकांना बारीक, मॉड्यूलच्या तोंडाला रुंद. काढली तर खिशात, लावली तर खिशातली. आणि काम संपल्यावर खिशात जितक्या होत्या तितक्याच असल्या पाहिजेत. कमी भरल्या तर एक तर ती टोपी यंत्राच्या पोटात पडली, नाही तर तुझं लक्ष पडलं, असं आमचा सावकाश म्हणायचा.

सावकाश हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. मी नोकरीला लागलो तेव्हा तो पन्नाशीचा होता, जाडजूड, बशीएवढे तळहात, आणि त्या तळहातांनी इतकं नाजूक काम करायचा की बघत राहावं. प्रत्येक गोष्टीला एकच शब्द. पट्टा बांध, सावकाश. कडी खाली कर, सावकाश. पट्टा म्हणजे मनगटाला बांधायचा, त्याची तार रॅकच्या लोखंडाला लावायची. आपल्या अंगात साठलेली वीज मॉड्यूलला मारून टाकते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मॉड्यूल ओढायचं ते त्याच्या कडीने, केबल धरून नाही. आधी केबल काढायची, मगच मॉड्यूल. त्याने हे सगळं मला एकदाच सांगितलं आणि नंतर शंभरदा करून दाखवलं. फटका मात्र एकदाच मारला. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, अंगात रग होती. एक लाईन येत नव्हती. मी केबल काढली आणि मॉड्यूलच्या तोंडात डोळा घालायला गेलो, उजेड येतोय का बघायला. माझ्या डोळ्यासमोर एकदम अंधार झाला. सावकाशचा तो बशीएवढा हात माझ्या सगळ्या तोंडावर होता, रबराचा आणि साबणाचा वास येत होता, आणि दुसऱ्या हाताने त्याने माझ्या पाठीत असा दणका दिला की कळवळलो. "डोळे जड झालेत का रे?" तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा तो सावकाश बोलला नाही. मग खुर्चीवर बसून, धापा टाकत, त्याने समजावलं की हा उजेड डोळ्याला दिसतच नाही. बहुतेक वेळा काही होत नाही. पण कुठल्या मॉड्यूलचा किती जोर आहे ते तोंड बघून कळत नाही, आणि दिसत नाही म्हणून माणूस पापणीही मिटत नाही, बघतच राहतो. त्या दिवशी मी त्याच्यावर रागावलो होतो. दोन दिवस बोललो नाही. त्याने दोन दिवस माझा चहा माझ्या टेबलावर आणून ठेवला.

बस हलली. टाळ्या कानातून गेल्या होत्या. सिग्नलपर्यंत मी कोण होतो आणि आता कोण होतो! सिग्नलपर्यंत माझ्या अंगावर मूठभर मांस चढलेलं होतं, खोटं का बोलू. आमच्या विभागाला नव्या मॅडम आल्या आहेत, बत्तीस-तेहतीस वर्षांच्या, हुशार, भराभर चालणाऱ्या. मला काका म्हणतात. पहिल्या दिवसापासून काका. मी काही हिचा काका नाही, पण आता मान हलवायची सवय झाली आहे. दोन्ही इमारतींना जोडणाऱ्या दोन लाईनी आहेत, त्यातली पहिली आठवडाभर खोकत होती, मधूनच चुका टाकत होती. मॅडम म्हणाल्या, बाहेरच्या कंपनीला बोलावू, ते चार दिवसांनी येतील. मी म्हटलं, "चार दिवस कशाला? दुसरी लाईन भार घेते आहे. मॉड्यूल बदलायचं आहे, माझ्याकडे आहे, आत्ता बदलतो." मॅडम म्हणाल्या, "भर दिवसा? चालू हॉस्पिटलमध्ये?" मी म्हटलं, "चालू हॉस्पिटलमध्येच तर." हे जरा जास्त झालं, पण झालं. मग बातमी पसरली आणि बघायला माणसं जमली. मॅडम, त्यांच्या हाताखालचे चौघे, फोटो विभागाचे डॉक्टर, नव्या इमारतीच्या मोठ्या सिस्टर, स्टोअरवाले, वीजवाले दोघे, आणि दारात हात बांधून उभा असलेला वॉचमन. आमच्या त्या पंख्यांच्या घरघरत्या गार खोलीत इतकी माणसं मी कधी पाहिली नव्हती. एरवी तिथे मी असतो आणि दिवे लुकलुकत असतात. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "काही उडालं-बिडालं तर माझी पंचवीस मुलं वर आहेत हं." मी म्हटलं, "सिस्टर, तुमच्या मुलांना कळणारसुद्धा नाही." आणि पट्टा बांधला.

काय हात चालले माझे! खोबणीचा नंबर मोठ्याने वाचला, केबलवरची चिठ्ठी वाचली, दोन्ही जुळवले. केबलची खिट्टी दाबली, केबल बाहेर. दोन बारीक टोप्या तिच्या जाण्या-येण्याच्या दोन काचांच्या टोकांना. कडी खाली, मॉड्यूल बाहेर, गरम होतं, त्याच्या तोंडाला खिशातली रुंद टोपी. नवं पिशवीतून काढलं, कडांनी धरलं, आत सरकवलं, खट्. त्याच्या तोंडाची टोपी काढून डाव्या हातात. केबलच्या टोकांच्या टोप्या काढून खिशात, साफ करायच्या पेनाने दोन्ही टोकं पुसली, आणि उजव्या हाताने केबल आत, खट्. चार मिनिटंही लागली नसतील. कुणीतरी ओरडलं, "आला! हिरवा आला!" आणि टाळ्या. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "हात आहेत की काय आहेत!" आणि मी हसत होतो, सगळ्यांकडे बघत होतो, एकेका चेहऱ्याकडे. आता बसमध्ये डोळे मिटून मी तेच पुन्हा बघायला लागलो आणि एक गोष्ट लक्षात आली. हिरवा दिवा मी पाहिलेलाच नव्हता. मी चेहरे पाहिले होते. सावकाशचा नियम होता, दिवा आला की हात मागे घ्यायचे आणि शंभर अंक मोजेपर्यंत नुसतं बघत उभं राहायचं. एकदा लागलेला दिवा पुन्हा जातो की नाही ते बघायचं. एकोणतीस वर्षं मी मोजले आहेत. आज एकही अंक मोजला नव्हता.

आणि ती टोपी. नव्या मॉड्यूलची टोपी डाव्या हातात होती, ती खिशात गेली पाहिजे होती. जुन्याला मी खिशातली दिली, नव्याची खिशात आली, हिशोब पुरा. पण डाव्या हातापासून खिशापर्यंत काहीही आठवेना. टोपी डाव्या हातात, मग टाळ्या. मध्ये कोरं. बरं, ती दुसरी 'खट्' तरी आठवते का? आठवते. पण कुठली? मी जितकी खोलात जाऊन ऐकायला लागलो तितक्या असंख्य खट् ऐकू यायला लागल्या. कालची, परवाची, दहा वर्षांपूर्वीची, एका उन्हाळ्यात रात्रंदिवस बदललेल्या सत्तर मॉड्यूलांची. आजची त्यांच्यात कुठे होती? आणि हिरवा म्हणून जो ओरडला त्याने कुठला दिवा पाहिला? वरच्या आणि खालच्या खोबणीचे दिवे शेजारीशेजारीच असतात, नवखा माणूस हमखास भलताच बघतो. समजा त्याने दुसऱ्या लाईनीचाच पाहिला. समजा पहिली आलेलीच नाही. मॅडमनी पहिल्या लाईनीची धोक्याची घंटा उद्या सकाळी आठपर्यंत बंद करून ठेवली होती, काम करताना ओरडायला नको म्हणून. म्हणजे आत्ता अख्खं हॉस्पिटल एकाच लाईनीवर उभं असलं तरी कुणालाही कळणार नाही, आणि ती गेली तर वरच्या पंचवीस मुलांचे फोटो डॉक्टरांना दिसणार नाहीत. आणि टोपी यंत्राच्या पंख्यात अडकून यंत्र तापत असेल तर? माझी पाचावर धारण बसली.

घरीही टोप्यांवर लक्ष असतं. सुरुवातीच्या काळात एक टोपी खिशात राहिली, ती धुण्याच्या मशिनमध्ये गेली, पाण्याच्या नळीत अडकली आणि स्वयंपाकघरात तळं झालं. मशिन दुरुस्त करणाऱ्याने ती चिमट्यात धरून बायकोपुढे नाचवली. ही कपड्यांच्या दुकानात मापं दुरुस्त करते, शिवणकाम तिच्या बोटांत आहे. तिने त्याच आठवड्यात माझ्या सगळ्या शर्टांना आतून जास्तीचा एक खिसा शिवला, वर बटण. आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी मी दारात चपला काढत असताना ती आतून विचारते, "सहा?" मी म्हणतो, "सहा." मग चहा. आमच्यात भांडण असलं, ती आठ-आठ दिवस बोलत नसली, तरी सहा विचारल्याशिवाय राहत नाही. मागच्या महिन्यात मात्र मी सहा म्हटलं तेव्हा ती पदराला हात पुसत बाहेर आली. "अहो, चष्मा सापडला का तुमचा?" म्हणाली. चष्मा फ्रीजमध्ये होता, लोण्याच्या डब्याशेजारी. आम्ही दोघं हसलो. त्याच्या आधी किल्ली बाहेरून दाराला लटकत राहिली होती. त्याच्याही आधी भाचीचा फोन आला आणि पाच मिनिटं मी ती कोण ते आठवत हो-हो करत राहिलो. ह्या गोष्टी घरातल्या, चेष्टेवारी नेण्यातल्या. हातांचं तसं नाही, हात वेगळे, असं मी स्वतःला सांगत आलो. बायकोला विचारा, शेजाऱ्याला विचारा, मी विसराळू आहे. पण माझे हात विसराळू नाहीत.

सावकाशनेही हेच म्हटलं असेल. तो एकोणसाठ वर्षांचा असताना त्याने एके सकाळी चुकीची केबल काढली. शेजारची, चालू. अर्ध्या मिनिटात परत लावली, कुणाला कळलंही नाही, फक्त मला कळलं कारण मी शेजारी उभा होतो. मी म्हटलं, "जाऊ द्या हो, होतं." त्याने पट्टा सोडला, त्याची तार नीट गुंडाळली, पट्टा माझ्या टेबलावर ठेवला, नोंदवहीत वेळ घालून लिहिलं, "माझ्या हातून चुकीची केबल निघाली," आणि सही केली. त्यानंतर दीड वर्ष तो नोकरीत होता, केबलच्या चिठ्ठ्या लिहायचा, सामान मोजून घ्यायचा, आम्हाला चहा द्यायचा. चालू यंत्राला बोट लावलं नाही. मी त्याला एकदा विचारलं, इतकं काय एवढं? तो म्हणाला, "हातावर शंका आली की हात मागे घ्यायचा. नाही तर मी तुला काय शिकवलं?" काम करताना तो अजून माझ्या मनगटावर असतो. म्हणजे त्याचा पट्टा. मधली तार दोनदा बदलली, वर्षातून दोनदा तपासून घेतो, पण बक्कल तेच. बसमध्ये मी मनगटाकडे पाहिलं. बक्कलचा लाल वळ अजून होता. आणि मला अगदी स्पष्ट कळलं की ती टोपी पंख्यात सापडली, किंवा पहिल्या लाईनीचा दिवा बंद असला, तर उद्या मलाही पट्टा गुंडाळून मॅडमच्या टेबलावर ठेवावा लागेल. कुणी सांगणार नाही. मलाच ठेवावा लागेल. अकरा माणसांनी टाळ्या वाजवलेल्या दिवशीच.

उतरलो. मधल्याच थांब्यावर, कुणाचा तरी पाय तुडवून. उलट दिशेची बस दिसेना, चालत सुटलो. मोठी दुकानं, एक शाळा सुटलेली, एक माणूस शिडीवर चढून पाटी पुसत होता. सत्तावन्न वर्षांच्या माणसाने असं चालू नये. सगळा रस्ता मी डाव्या हाताला विचारत होतो, सांग ना बाबा, कुठे ठेवलीस? हात डबा धरून गप्प. परत जायचं म्हणजे तोंडघशी पडायचं, हे कळत होतं. टाळ्या घेऊन गेलेला माणूस तासाभरात घामाघूम होऊन परत का आला, हे कुणीही विचारेल. वॉचमननेच विचारलं. "काय साहेब, विसरलात काही?" एरवी तो मला साहेब म्हणत नाही, दुपारपासून म्हणायला लागला होता. मी म्हटलं, "डबा विसरलो." त्याने माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. "दुसरा," मी म्हटलं आणि आत घुसलो.

खोलीत गार हवा अंगावर आली आणि घाम आटला. चष्मा कपाळावरून नाकावर आणला. पहिली लाईन, वरची खोबण, डावीकडचा दिवा. हिरवा होता. नुसता हिरवा नव्हे, भराभर लुकलुकत होता, म्हणजे फोटो जात होते. मी हात मागे बांधले आणि मोजायला लागलो. एक, दोन, तीन. बाराला मला वाटलं तो गेला. पापणी लवली होती. शंभरपर्यंत मोजले, मग आणखी शंभर. एकदाही गेला नाही. निम्मा जीव भांड्यात पडला. निम्मा अजून पंख्यांच्या आवाजात होता. गुडघे टेकून फरशी पाहिली, रॅकच्या खाली फोनचा उजेड टाकला, केबलच्या गुंत्यात बघितलं, पंख्यांना कान लावला. घरघर सरळ होती, पण टोपी कुठेच नव्हती. मी तसाच, चारही हातापायांवर, असताना दार उघडलं.

"काका? तुम्ही घरी गेला होतात ना?" मॅडम. हातात पर्स, निघायच्या बेतात. मी उठायचा प्रयत्न केला, गुडघा कटकन् वाजला. डब्याचं सोंग पुन्हा करावंसं वाटलं नाही. "मॅडम, एक टोपी कमी आहे," मी म्हटलं. "आणि मी दिवाही बघितला नव्हता. टाळ्या वाजल्या आणि मी तुमच्याकडे बघत बसलो. म्हणून परत आलो. दिवा ठीक आहे, आत्ता दोनशेपर्यंत मोजलंय. टोपीचं मात्र... काय सांगू, मला आठवतच नाही." एका दमात बोललो. आता ही म्हणणार, असू दे काका, वय झालं. मी खाली बघत होतो. मॅडम म्हणाल्या, "कुठली टोपी? ती काळी?" आणि रॅकपाशी गेल्या. "ही नाही का?"

पहिल्या लाईनीच्या शेजारची खोबण. मागच्या महिन्यात कंपनीची माणसं एक जुनी लाईन काढून गेली होती. केबल नेली, मॉड्यूल तसंच सोडलं, चालू, तोंड उघडं. त्या उघड्या तोंडावर माझी टोपी बसलेली होती. नीट, घट्ट, सरळ. "तुम्हीच लावलीत," मॅडम म्हणाल्या. "खरंच आठवत नाही? तुम्ही केबल लावत होतात, आणि मला आत कसा उजेड असतो ते बघायचं होतं. मी वाकले. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत हो. उजवा हात तिकडे केबलमध्ये, आणि डावा हात असा आला, आधी माझ्या डोळ्यांसमोर, मग टोपी फट्दिशी आत. मला तर वाटलं, मला ढकललंत. मग म्हणालात, 'सावकाश.'"

"मी म्हणालो?"

"सावकाश, असं. मी म्हटलं, काका रागावले वाटतं. म्हणून मग काही विचारलंच नाही. का हो, आत बघायचं नसतं का?"

मी खुर्ची ओढून बसलो. "नाही बघायचं मॅडम," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं; न दिसणारा उजेड, पापणी न मिटणं, मी अठ्ठावीस वर्षांचा असताना पाठीत बसलेला दणका. त्यांनी पर्स खाली ठेवली आणि दुसरी खुर्ची ओढली. "मला कुणी सांगितलंच नाही हे," त्या म्हणाल्या. "पुस्तकात वाचलं होतं, पण असं समोर आलं की..." मी म्हटलं, "समोर आलं की सगळेच वाकतात. मीही वाकलो होतो." आणि मी माझ्या डाव्या हाताकडे बघत होतो. मांडीवर पडला होता, सुरकुतलेला, नखात काळं. मला न विचारता, मला न सांगता, ह्याने आपलं काम केलं होतं. मी कौतुकाच्या नादात होतो तेव्हा हा बघत होता. मला इतका अभिमान वाटला, इतका, की दुपारच्या टाळ्या त्यापुढे काहीच नाहीत. आणि तो सगळा माझाही नव्हता. अर्धा त्या बशीएवढ्या तळहाताचा होता, जो आता नाही. असता तर म्हणाला असता, दिवा का नाही बघितलास गाढवा.

म्हणून नोंदवही काढली. मॅडम म्हणाल्या, "कशाला काका, सगळं नीट झालंय की." मी लिहिलं, वेळ घालून: "पहिल्या लाईनीचं मॉड्यूल बदललं. दिवा माझ्या डोळ्यांनी तेव्हा पाहिला नाही, नंतर परत येऊन दोनशेपर्यंत मोजून पाहिला. शेजारच्या उघड्या मॉड्यूलला टोपी लावली." सही केली. पट्टा खोलीतल्या हत्यारांच्या पिशवीतून काढला. क्षणभर हातात धरला, बक्कल अंगठ्याने पुसलं, आणि परत पिशवीत ठेवला. मॅडमनी टोपीला बोट लावून विचारलं, "ही काढून देऊ तुम्हाला? एक कमी आहे ना?" माझा आवाज जरा चढलाच. "हात लावू नका! राहू दे तिथेच. आणि आता तुम्हाला शिकायचंच असेल तर उद्यापासून पट्टा बांधून या." त्या हसल्या. "येते," म्हणाल्या. काका म्हणाल्या नाहीत.

घरी पोचायला उशीर झाला. दारात चपला काढत होतो. आत शिवणाचं मशिन थांबलं. "सहा?" तिने आतून विचारलं.

"पाच," मी म्हटलं.

ती धावतच बाहेर आली. हातात सुई, सुईत दोरा. माझ्या तोंडाकडे बघितलं, खिशाकडे बघितलं, पुन्हा तोंडाकडे. चष्मा फ्रीजमध्ये सापडला त्या दिवशीही ती अशीच घाबरली होती, हे मला आता कळलं. त्या दिवशी आम्ही हसलो होतो, आणि ती रोज आतून मोजत होती. "अहो, काय झालं? हरवली? कुठे हरवली?"

"हरवली नाही," मी म्हटलं. "बस जरा. कुठे आहे ते सांगतो."